स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना पाठीवर पुरळ, डोक्यात खाजऱ्या पुळ्या आणि केसगळती: गोळ्या बंद कराव्यात का?

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, पुण्यात रोज दुचाकीवरून हडपसर ते खराडी. किडनीच्या त्रासासाठी सात आठवड्यांपासून प्रेडनिसोलोन ५० मिलिग्रॅम सुरू आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून छाती, पाठ आणि खांद्यांवर बारीक लाल पुरळ आलं. कपाळाच्या कडेला आणि डोक्यात खाजणाऱ्या पुळ्या आहेत, आणि आता केस विंचरताना पुंजके हातात येतात. मेडिकलमधून आणलेलं मलम लावल्यावर चार दिवस बरं वाटलं, मग आधीपेक्षा वाढलं. केस गळतात म्हणून आई रोज रात्री खोबरेल तेल चोळून देते. दिवाळीनंतर लग्न आहे. "गोळ्या बंद केल्या तर हे सगळं जाईल का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं आठवडाभर थांबलं तरी बिघडत नाही. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि अर्ध्याही करू नका. आपल्या किडन्यांच्या वर ॲड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तयार करतात. शरीराची ही रोजची गरज साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी असते. तुम्ही बाहेरून त्याच्या दहापट घेताय. असं तीन आठवड्यांहून जास्त चाललं की या ग्रंथी आपलं काम थांबवतात, आणि पुन्हा सुरू व्हायला त्यांना कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. मधेच गोळी बंद झाली तर शरीरात कॉर्टिसॉल कुठूनच येत नाही. मग कमालीचा अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब आणि साखर एकदम खाली, आणि ताप किंवा जुलाबाचं निमित्त झालं तर थेट आयसीयू. शिवाय ज्या आजारासाठी गोळ्या सुरू झाल्या तो उसळून येतो, ते वेगळंच. पुरळ कितीही वाईट दिसलं तरी त्याने जिवाला धोका नाही. गोळ्या अचानक थांबवण्यात आहे.

(इतर वाचणाऱ्यांसाठी एक सांगते. "माझ्या गोळ्या स्टेरॉइडच्या नाहीत, डिफ्लाझाकोर्ट आहे" असं पुष्कळ जण म्हणतात. डिफ्लाझाकोर्ट, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही सगळी स्टेरॉइडच. ६ मिलिग्रॅम डिफ्लाझाकोर्ट म्हणजे साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. आणि गुडघेदुखीवर कुणाकडून बिननावाच्या पुड्या घेत असाल आणि त्यांनी जादूसारखा गुण येत असेल, तर त्यातही स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता असते.)

आता मूळ त्रासाकडे येते. तुम्ही एक प्रश्न विचारलात, पण मला त्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात: अंगावरचं पुरळ, डोक्यातल्या पुळ्या आणि केसगळती. तिन्हींमागे एकच कारण असेल असं धरून चालले तर तुमचं नुकसान होईल. तुम्हाला तपासल्याशिवाय मी निदान करू शकत नाही. पण माझ्यासमोर असा पेशंट बसला की मी काय बघते आणि का, ते सांगते. त्यावरून तुमच्या डॉक्टरांशी नीट बोलता येईल.

साध्या तारुण्यपीटिकांमध्ये सगळी सरमिसळ असते. इथे काळा ठिपका, तिथे पांढरा, एक मोठी दुखरी गाठ, बाजूला जुना डाग. स्टेरॉइडमुळे येणारं पुरळ वेगळं दिसतं. सगळे दाणे एका मापाचे, एकाच अवस्थेतले, जणू एकाच दिवशी उगवलेले. काळे ठिपके जवळजवळ नसतात. चेहऱ्यापेक्षा छाती, पाठ, खांदे आणि दंडांचा वरचा भाग जास्त भरतो. गोळ्या सुरू झाल्यावर दोन-चार आठवड्यांत ते दिसायला लागतं. तुमचं वर्णन याच्याशी बरंच जुळतं.

पण तुम्ही "खाजतं" असं लिहिलंय, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या प्रश्नातला तो सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे. निव्वळ स्टेरॉइडच्या पुरळाला फारशी खाज नसते. एकसारखे दाणे, त्यात घाम आला की टोचल्यासारखी खाज, आणि छाती-पाठीबरोबर कपाळाची कड आणि डोकंही भरलेलं, असं दिसलं की मला पहिला संशय मॅलासेझिया या बुरशीचा येतो. ही यीस्ट जातीची बुरशी आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतेच. पावसाळ्यात मानेवर-पाठीवर शिबं येतं ते हिच्यामुळेच, आणि डोक्यातल्या कोंड्यातही हिचाच हात असतो. एरवी शरीर तिला आवरून धरतं. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती थोडी दबली आणि वरून घाम आला, की ती केसांच्या मुळांशी शिरून वाढते. तुमच्या रस्त्यावर हेल्मेट, त्याखाली घट्ट बांधलेला स्कार्फ आणि मगरपट्ट्याचा सिग्नल म्हणजे डोकं रोज तासभर वाफेत. हेल्मेट सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण स्कार्फ सुती घ्या, रोज धुतलेला वापरा, आणि हेल्मेटचं अस्तर निघत असेल तर आठवड्याला धुऊन उन्हात वाळवा.

हे ओळखायला मोठी तपासणी लागत नाही. एक-दोन दाण्यांवरून ब्लेडच्या बोथट कडेने थोडं खरवडून काचपट्टीवर घ्यायचं, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, थोडा वेळ थांबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. कातडीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशीचे गोल दाणे घोसाने दिसतात. मी ही तपासणी तिथेच, पेशंटसमोर करते. तुमच्या डॉक्टरांकडे सोय नसेल तर ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात ती होते. मी यावर इतका भर देते कारण बुरशी आणि पिंपल्स या दोन्हींची औषधं एकमेकांच्या उलट जातात. पिंपल्स समजून अँटिबायोटिक दिलं तर कातडीवरचे जंतू मरतात, बुरशीला रान मोकळं मिळतं आणि पुरळ वाढतं. "डॉक्टर, डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यापासून जास्तच आलं" असं पेशंटने सांगितलं की अर्धं निदान तिथेच होतं.

बुरशी निघाली तर सुरुवात सोपी असते. २ टक्के केटोकोनाझोलचा शाम्पू डोक्याला लावा, त्याचाच फेस छाती-पाठीवरही लावा, पाच मिनिटं ठेवा, मग धुवा. आठवड्यातून दोन-तीनदा, असं महिनाभर. बहुतेक जण फेस आला की लगेच धुऊन टाकतात आणि मग शाम्पूला दोष देतात. ती पाच मिनिटं खरोखर घड्याळ लावून मोजा. यावर भागलं नाही तर पोटातून गोळ्या द्याव्या लागतात, आणि तिथे तुमच्या बाबतीत फार जपायला हवं. इट्राकोनाझोलसारख्या बुरशीच्या गोळ्या यकृतात इतर औषधांचा निचरा मंदावतात. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) चालू असेल तर त्यांची रक्तातली पातळी चढून किडनीलाच इजा होऊ शकते. मिथाइलप्रेडनिसोलोन घेणाऱ्यांमध्ये स्टेरॉइडचा परिणामही वाढतो. आणखी एक बारकावा: स्टेरॉइडबरोबर बहुतेकांना सकाळी ॲसिडिटीची गोळी असते. इट्राकोनाझोलच्या साध्या कॅप्सूलला अंगात भिनायला पोटातलं ॲसिड लागतं, त्यामुळे ती वाया जाते. म्हणून तुमच्या सगळ्या औषधांची यादी पाहिल्याशिवाय कुणीही ही गोळी लिहून देऊ नये, आणि तुम्ही शेजारणीच्या चिठ्ठीवरून तर मुळीच घेऊ नये.

बुरशी निघाली नाही, निव्वळ स्टेरॉइडचं पुरळ ठरलं, तर बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के किंवा अडापॅलीनसारखं मलम, दोन्ही हलक्या हाताने. बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल आणि कपड्यांचा रंग उडतो, तेव्हा पाठीला लावताना जुना टीशर्ट घाला. काही जणींना दोन्ही प्रकार एकत्र असतात, मग उपचारही एकत्र. आणि एखादी पुळी मोठी, गरम, ठणकणारी आणि पूने भरलेली असेल तर तो केसतोड. ते जंतूंचं काम, आणि तिथे अँटिबायोटिक लागतंच. हे पुरळ किती लवकर जाईल ते बऱ्याच अंशी तुमच्या डोसवर आहे. ५० वर असताना आम्ही ते आटोक्यात ठेवतो. डोस उतरत गेला की ते आपोआप ओसरतं, आणि खपल्या नखाने काढल्या नाहीत तर बहुधा खड्डेही राहत नाहीत.

आता तेल. मला ठाऊक आहे की हे घरात सांगणं सोपं नाही. केस गळायला लागले की आईचा हात तेलाच्या बाटलीकडेच जातो. पण ही बुरशी तेलातल्या स्निग्धाम्लांवरच जगते, आणि आपलं खोबरेल तिला चांगलंच मानवतं. रात्री तेल, सकाळी त्यावर हेल्मेट, असं चालू असताना डोक्यातल्या पुळ्या कमी होणार नाहीत. निदान दोन महिने तेल पूर्ण बंद ठेवा. कडुनिंब उकळून घातलेलं तेलसुद्धा तेलच. लिंबू, कांद्याचा रस, दही, मेथीची पेस्ट हेही सध्या नको. स्टेरॉइडने कातडी नाजूक झालेली असते आणि अशा कातडीवर लिंबू जाळतं. आईंना मायेने काही करायचंच असेल तर शाम्पूची पाच मिनिटं मोजायचं काम त्यांच्याकडे द्या.

मलमाबद्दल मला मनापासून काळजी वाटते, कारण पुण्यात मी रोज हेच पाहते. मेडिकलमध्ये "खाजेचं मलम द्या" म्हटलं की हातात येतं ते बहुतेकदा मिश्रण असतं: एक स्टेरॉइड, एक बुरशीचं औषध, एक अँटिबायोटिक. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलंय का ते आजच वाचा. असेल, तर तुमच्या अंगात गोळीतून जे जातंय तेच तुम्ही वरूनही चोळताय. चार दिवस लाली आणि खाज दबते म्हणून बरं वाटतं, आत बुरशी वाढतच राहते. नायट्याचंही असंच होतं. त्याची गोल कड पुसली जाते, आकार कसाही पसरतो आणि मग अनुभवी डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नायटा इतका चिवट झालाय, नेहमीच्या टर्बिनाफिनच्या गोळ्यांनाही दाद देत नाही, त्यात या मलमांचा वाटा मोठा आहे असं आम्हा त्वचारोगतज्ज्ञांचं मत आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात. तुम्ही ते दोन आठवड्यांहून कमी लावलं असेल तर आजच थांबवा. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावणाऱ्यांचं मात्र वेगळं असतं. अचानक थांबवलं की चेहरा लालबुंद होऊन आग होते, त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावं.

केसगळतीचं बघू. टँकरचं पाणी, बोअरचं पाणी, हेल्मेट, शाम्पू, पुण्यात केसगळतीचा पहिला आरोप यांच्यावरच होतो. तुमच्या बाबतीत मला आजारपणाचाच संशय जास्त आहे. शरीरावर मोठा ताण आला की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. म्हणजे आज जे पुंजके हातात येतायत, त्यांचं कारण तुमचा किडनीचा आजार जेव्हा उफाळला त्या दिवसांत असावं. असे केस मुळापासून, टोकाला पांढरा बारीक दाणा घेऊन येतात, आणि सगळ्या डोक्यावर सारखे विरळ होतात. मुळं शाबूत असल्यामुळे ते परत येतात, पण उगवून नजरेत भरायला सहा महिने जातात. त्यासाठी बायोटिनच्या गोळ्या खाऊ नका. बायोटिनमुळे थायरॉइडसारखे काही रक्ताचे रिपोर्ट चुकीचे येतात, आणि तुमचे तर सतत रिपोर्ट होत असणार. प्रोटीन पावडरही किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड मात्र एकदा तपासून घ्या.

आणि इथे मला तुमच्या प्रश्नात जे लिहिलेलं नाही ते विचारायचंय. किडनीचा त्रास म्हणजे नेमका कोणता? तरुण मुलीला किडनीसाठी एवढा स्टेरॉइड सुरू होतो तेव्हा त्यामागे कधी कधी ल्युपस असतो, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. ल्युपस असेल तर सगळा विचार बदलतो. मग केसगळती हे तो आजार अजून धगधगत असल्याचं लक्षण असू शकतं, आणि स्टेरॉइड कमी करण्याऐवजी उपचार वाढवावे लागतात. आरशात तीन गोष्टी पाहा. कपाळावरचे केस आखूड तुटलेले, राठ दिसतात का? डोक्यात कुठे गोल चट्टा आहे का, जिथे कातडी चकचकीत, मध्ये पांढुरकी आणि कडेला काळसर किंवा लाल आहे? अशा चट्ट्यात मुळं कायमची जातात, म्हणून तो दिसला तर त्याच आठवड्यात दाखवा. तिसरं, गालांवर लाली असेल तर ती नाकाच्या बाजूच्या घडीत शिरते का? मॅलासेझियाच्या त्रासात ती घडी लाल आणि खपल्यांची होते, ल्युपसच्या लालीत बहुधा घडी मोकळी राहते. सोबत तोंड येणं, सांधे दुखणं, उन्हात गेल्यावर अंगावर उठणं यांपैकी काही असेल तर तेही सांगा.

पोट, मांड्या, काखेजवळ जांभळट पट्टे दिसायला लागले तर ते ताणाचे व्रण. स्टेरॉइडने कातडीतलं कोलॅजन कमी होतं, त्यात वजन आणि सूज वाढते, म्हणून पडतात. कुठल्याही तेलाने ते जात नाहीत. पुढे रंग फिका होतो, खूण राहते. चेहऱ्यावर बारीक लव वाढणं आणि गाल गोल होणं मात्र डोस उतरला की बरंच परतीला लागतं. लग्नासाठी म्हणून पार्लरमध्ये पील, ब्लीच, डर्मारोलर किंवा घाईने लेझर करू नका. वॅक्सिंगही सध्या टाळा, नाजूक कातडी पट्टीबरोबर सोलून निघते. थ्रेडिंग स्वच्छ दोऱ्याने चालेल. लग्नाच्या दिवशी साधा, तेलविरहित मेकअप करायला काहीच हरकत नाही.

काही गोष्टींना अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला तर ती नागीण. स्टेरॉइडवर असलेल्यांना ती जास्त होते आणि जोरात होते. तिच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. गेरू लावण्यात किंवा उतरवून घेण्यात दोन दिवस घालवू नका. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा. पायावर किंवा कुठेही लाल, गरम, पसरत जाणारी सूज, ताप, किंवा जखम काळी पडत जाणं, हेही त्याच दिवशीचं काम. स्टेरॉइडमुळे ताप दबलेला असू शकतो, म्हणून "ताप नाही ना" एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे तुमच्या किडनीच्या डॉक्टरांकडे, पुढच्या वेळी जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, ते मलम आणि पाठीचे एकाच उजेडात काढलेले फोटो घेऊन जा. डोस कधी आणि कसा उतरवणार ते विचारून कागदावर लिहून घ्या. पुरळाचा त्रास फार असेल तर स्टेरॉइड लवकर कमी करता यावं म्हणून जोडीला दुसरं औषध देता येईल का, हेही विचारा. ते दर वेळी शक्य नसतं. तो निर्णय लघवीतल्या प्रोटीनच्या रिपोर्टवर आणि किडनीच्या बायोप्सीवर ठरतो, माझ्यासारख्या त्वचेच्या डॉक्टरने तो घेऊ नये.

आणि दिवाळीनंतर लग्न आहे हे त्यांना आवर्जून सांगा, संकोच करू नका. किडनीच्या आजारात दिली जाणारी काही औषधं, जशी मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फामाइड, आणि लघवीतलं प्रोटीन कमी करण्यासाठीच्या टेल्मिसार्टन-रॅमिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या, गरोदरपणात बाळाला घातक असतात. पुरळासाठी कुणी आयसोट्रेटिनोइन सुचवलं तर तेही त्याच यादीतलं, आणि लग्न तोंडावर असताना मी ते तुम्हाला देणार नाही. दिवस राहू न देण्यासाठी काय वापरायचं, कोणती गोळी कधी बदलायची, हे लग्नाच्या आधी किडनीच्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञ अशा दोन्ही डॉक्टरांसमोर, शक्य असेल तर होणाऱ्या नवऱ्याला सोबत नेऊन, ठरवून घ्या.